भविष्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

कॉलेजात विज्ञानकथा गांभीर्याने शिकवावी असे म्हटले की दोन प्रकारची माणसे हसतात. पहिली म्हणतात, हे पोरांचे वाचन, साहित्य कसले? 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते, एवढे उत्तर त्यांना पुरे. दुसरी माणसे आपलीच असतात. घरात पहिल्यांदा कोणी पदवीपर्यंत पोचले, फेलोशिप वेळेवर येत नाही, नोकरीचा पत्ता नाही, आणि तुम्हाला परग्रहावरच्या गोष्टी सुचतात? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला हवे.

मी समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. विद्यापीठ आपल्या मुलामुलींकडून काय मागते, ते तुम्हीही अनुभवले असेल. वस्तीबद्दल बोला, आजीने काय सोसले ते सांगा. एम.ए.ला असताना मी विज्ञानकथेवर निबंध लिहायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा एक प्राध्यापक म्हणाले, "तुम्ही तुमच्या समाजावर लिहा, तिथे तुमचा अधिकार आहे." ऐकायला हे मानाचे वाटते. अर्थ मात्र असा, की दुःख तुमचे आणि कल्पना आमची. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आपल्याला जागा आहे. उद्याचा समाज कसा असावा हे ठरवणाऱ्यांच्या बाकावर नाही.

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे अमेरिकेतले थोर कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ. बाबासाहेबांनी 1946 मध्ये त्यांना पत्र लिहिले होते. फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीयांची घरोघर जाऊन केलेली त्यांची पाहणी 1899 मध्ये ग्रंथरूपाने आली. त्याच ड्यू बॉइसनी 1920 मध्ये 'द कॉमेट' ही विज्ञानकथा प्रसिद्ध केली. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरून पडते. बँकेच्या तळघरात कामाला पाठवलेला एक काळा निरोप्या वाचतो, आणि एक श्रीमंत गोरी तरुणी. काही तास दोघे फक्त माणसे असतात. मग शहराबाहेरून तिचे लोक येतात आणि वर्णभेद जिथल्या तिथे उभा राहतो. आज काय आहे ते पाहणी दाखवते. समाजाचा एक नियम काढून घेतला तर काय उरते, आणि तो नियम परत कोण आणते, हे तपासायला ड्यू बॉइसना कथा लागली.

आपल्या देशात बेगम रोकेया सखावत हुसेन यांनी 1905 मध्येच हे केले होते. त्यांच्या 'सुलतानाज ड्रीम'मध्ये पुरुष पडद्यात असतात आणि बायका विद्यापीठे चालवतात, ढगांतून पाणी घेतात, सूर्याची उष्णता वापरतात. लिहिणारी बाई स्वतः कधी शाळेत गेलेली नव्हती.

म्हणून हा पेपर हवा, आणि तो आपल्या प्रश्नांनी वाचायला हवा. यानातला मैला कोण साफ करते? मंगळावरच्या वसाहतीत लग्ने कशी जुळतात? कप्तानाचे आडनाव काय आहे? हे विचारले की अनेक कथांत यंत्रे तेवढी बदललेली दिसतात. दुसरे लिहिणारेही आहेत. चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने 2024 मध्ये जातिविरोधी विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला. दलित लेखिका मिमी मंडल यांनी सहसंपादित केलेला, ऑक्टाव्हिया बटलर यांच्यावरचा ग्रंथ 2018 च्या ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत होता.

एक अट मात्र आहे. विज्ञानकथा दलित साहित्याच्या जागी नको, शेजारी हवी. दिल्ली विद्यापीठाच्या इंग्रजी अभ्यासक्रमातून 2021 मध्ये बामा आणि सुकिरतराणी यांना वगळले गेले. नव्या पेपरच्या निमित्ताने तसे पुन्हा घडू देता कामा नये.

कल्पना आपल्या चळवळीला परकी नाही. संत रविदासांनी दुःख आणि कर नसलेले बेगमपुरा पाहिले, तेव्हा ते कुठल्याच नकाशावर नव्हते. बाबासाहेबांनी 1936 मध्ये जात नसलेल्या समाजाचा आराखडा छापला, तेव्हा तसा समाजही कुठे नव्हता. तुमच्या विभागात ऐच्छिक पेपरची चर्चा निघेल तेव्हा मागच्या बाकावर गप्प बसू नका. वरची नावे कागदावर लिहून न्या आणि मागणी करा.