‘त्याला चढत नाही’ म्हणजे काय?

शहापूर-मुरबाडच्या वस्त्यांमध्ये दारुड्या ओळखायची एकच खूण मानतात : जो रस्त्यात पडतो तो दारुडा. जो पिऊनही सरळ चालतो, सकाळी वीटभट्टीवर जातो किंवा आसनगावला लोकल धरतो, त्याच्याबद्दल घरचेच म्हणतात, “त्याला चढत नाही.” आमच्या मते फसगत इथेच होते. पूर्वी एका क्वार्टरमध्ये भागायचे आणि आता दोन घेऊनही चढत नाही, तर ती ताकद नव्हे. शरीर दारूला सरावले आहे, ही आजाराची खूण आहे.

आणखी पाच खुणा बघा. पिण्याची अनावर ओढ लागणे. एकच घेईन म्हणून बसणे आणि थांबता न येणे. घर, मुले, कामधंदा मागे पडणे. कावीळ झाली, डॉक्टरांनी बजावले, तरी पीत राहणे. आणि सकाळी हात थरथरणे, घाम, मळमळ होणे, पण घोट घेतला की बरे वाटणे. या सहांपैकी तीन खुणा वर्षभरात एकत्र दिसल्या, तर डॉक्टर त्याला दारूचे अवलंबित्व म्हणतात.

पाचवे शील आपण रोज म्हणतो. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणूनच आपल्यात पिणारा विहारात यायला लाजतो आणि घरचे झाकून ठेवतात. शील मोडले म्हणून हिणवले की दारू सुटत नाही, फक्त लपते.

दुसरी चूक याहून घातक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याला शपथ घालून, खोलीत कोंडून एका दिवसात दारू बंद करायला लावतात. दोन-तीन दिवसांत त्याला आकडी येते, भास होतात, तो बडबडू लागतो. लोक म्हणतात, बाहेरचे लागले. बाहेरचे काही नसते. दारू अचानक तुटल्याचा तो परिणाम असतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. जेवणातून गुपचूप गोळी देणेही तितकेच धोक्याचे. त्या गोळीवर दारू पोटात गेली तर माणूस दगावू शकतो.

म्हणून प्रतिज्ञा जरूर घ्यावी, पण डॉक्टरांना सोबत घेऊन. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठा. तो किती पितो, शेवटची कधी घेतली, आधी कधी आकडी आली होती का, हे न लपवता सांगा. पुढच्या उपचारासाठी ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

वर्षावासात आपण ग्रंथवाचनाला विहारात जमतो. त्यातली एक संध्याकाळ या आजारासाठी ठेवावी, असे आम्हाला वाटते. त्या दिवशी पिणाऱ्यालाही बोलवावे, आणि त्याच्या बायकोला कुणी दोष देऊ नये.