न्हाणीतला कोनाडा

आमच्या टिळकवाडीतल्या फ्लॅटचं बाथरूम पाच फूट बाय सात फूट. त्यात कमोड, बेसिन, गीझर, दोन बादल्या आणि चौघांचं सामान. शॅम्पूच्या बाटल्या खिडकीत, साबणाचे पुडे फ्लशच्या टाकीवर, फिनाईल कोपऱ्यात. म्हणून दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सेलमध्ये मी एक उंच, अरुंद कपाट ऑनलाइन मागवलं. जमिनीवर जेमतेम एक फूट जागा घेणारं, पांढरंशुभ्र. फोटोत फारच छान दिसत होतं.

बेळगावचा पाऊस सुरू झाला आणि कपाट खालून फुगलं. लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचं होतं ते. वर लॅमिनेट, पण खालची कड उघडी. पाणी तिथूनच शिरलं. कपाट डुगडुगू लागलं. तरी पैसे घातलेत म्हणून मी ते तसंच ठेवलं.

मग एका सकाळी सासूबाईंचा पाय घसरला. हाताशी आलं ते कपाट त्यांनी धरलं आणि ते त्यांच्याच अंगावर आलं. मनगट मुरगळण्यावर निभावलं, पण वय ७८. काहीही होऊ शकलं असतं.

"मला ते पहिल्यापासून अडचणीचं वाटत होतं," त्या नंतर म्हणाल्या. "पण तू एवढ्या हौसेनं आणलंस, कसं बोलू?"

"आई, बोलायचं ना!" मी म्हटलं खरं, पण विचारलं मी तरी कुठे होतं?

"शहापूरच्या घरी न्हाणीत खाली काय असायचं? हंडा आणि पाट. बाकी सगळं कोनाड्यात."

त्या एका वाक्यानं माझी खरेदी सोपी केली. जमीन मोकळी, सामान भिंतीवर.

या वेळी आधी टेप घेऊन मापं काढली. दार किती उघडतं, कमोडवरून उठताना पुढे किती जागा लागते, बेसिनवर वाकलं की डोकं कुठे येतं. बेसिनवर आरशाचं कपाट घेतलं, पाच इंच खोलीचं, पीव्हीसी बोर्डाचं; ते पाण्यानं फुगत नाही. कोपऱ्यात स्टीलचे जाळीचे कप्पे, म्हणजे पाणी साचत नाही. चिकटवायचे हुक टाळले. वजनानं ते सुटतात. भोकं पाडण्याआधी प्लंबरकडून भिंतीतले पाइप कुठून जातात ते विचारून घेतलं. फिनाईल आणि अ‍ॅसिड नातवंडांचा हात पोचणार नाही अशा वरच्या बंद कप्प्यात. औषधं मात्र बाथरूममधून बाहेरच काढली; दमट हवेत ती खराब होतात.

आणि कमोडशेजारी स्टीलचा आधाराचा दांडा, भिंतीत पक्का बसवलेला. टॉवेलचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही, हे लक्षात ठेवा. उंची ठरवायला आईंनाच उभं केलं. त्यांनी हात टेकवला, तिथे पेन्सिलीची खूण केली.

तुमच्या घरी असं काही घेणार असाल तर वेबसाइटवरचे फोटो नंतर बघा. घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला आधी विचारा.

खालचा कप्पा आता आईंचा आहे. शिकेकाईचा डबा, तेलाची बाटली आणि वजरी. त्याला त्या कोनाडाच म्हणतात.