परवान्याचा सावकार आणि कार्डाचा सावकार

जमाखर्च : साप्ताहिक सदर

कर्ज देणाऱ्याने कर्ज घेणाऱ्याची पत, त्याचे उत्पन्न आणि त्याची फेडीची दानत यांची रुजुवात करून घ्यावी आणि मगच थैलीचे तोंड सोडावे, हा सावकारीचा जुना शिरस्ता असल्यामुळे, एखादा धनको जेव्हा चौकशीपूर्वीच ‘आपले कार्ड हमखास मंजूर’ असे कळवितो, तेव्हा त्याच्या औदार्याने हरखून न जाता त्याचा नफा नेमका कोठे दडला आहे हे पाहणे शहाणपणाचे ठरते. कर्जत तालुक्यात, विशेषतः कळंब-नेरळच्या टापूत, हे औदार्य सध्या उतू जात आहे. नेरळहून लोकल धरून कल्याण-ठाण्याकडे कामावर जाणारा, कोणाच्या फार्महाऊसवर राखणदारी करणारा किंवा हॉटेलात वाढप्याचे काम करणारा तरुण यांपैकी कोणाचाही मोबाईल उघडा, अशा मजकुराचे दोन-चार संदेश त्यात सापडतात.

कळंबच्या अशाच एका तरुणाने आपल्याला आलेला संदेश मला दाखविला. वरती अभिनंदन, त्याखाली पहिल्या वर्षाची फी माफ, त्याखाली ठळक अक्षरांत ‘50 दिवस बिनव्याजी’, आणि सर्वांत शेवटी, डोळ्यांना ताण दिल्याशिवाय दिसू नये अशा बेताने, ‘अटी व शर्ती लागू’. त्याने दुव्यावर बोट ठेवले, पॅन व आधार भरले, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या जोडल्या, आणि काही दिवसांनी उत्तर आले की आपला अर्ज आमच्या निकषांत बसत नाही. म्हणजे मंजुरी हमखास नव्हती, अर्ज करविला जाणे तेवढे हमखास होते. शिवाय अशा प्रत्येक अर्जाची नोंद सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीच्या दप्तरी होते आणि थोड्या अवधीत अशा नोंदी वाढल्या की माणसाची पत घसरते. खरोखर जवळजवळ हमखास मिळणारे कार्ड एकच, ते म्हणजे बँकेत मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर घेतलेले, आणि तेथे तर बँकेस जोखीम अशी जवळपास उरतच नाही.

आता बिनव्याजी मुदतीची गोष्ट. समजा, कार्डाचे बिल दर महिन्याच्या 10 तारखेस निघते आणि ते 30 तारखेपर्यंत भरावयाचे असते. 11 तारखेस केलेल्या खरेदीला पुढच्या महिन्याच्या 30 तारखेपर्यंत, म्हणजे जवळजवळ 50 दिवस सवलत मिळते, परंतु 9 तारखेस केलेल्या खरेदीला जेमतेम 21 दिवस मिळतात. जाहिरातीतला आकडा हा नेहमी अधिकात अधिक मुदतीचा असतो. आणि हीदेखील सवलत बिल पूर्णपणे बेबाक करणाऱ्यासच आहे. थोडीशी बाकी ठेवली की खरेदीच्या तारखेपासून व्याज लागू होते, आणि थकबाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. एटीएममधून कार्डावर रोख रक्कम उचलली, तर व्याज पहिल्या दिवसापासून, आणि त्यावर फी वेगळी.

ऋणको अडकतो तो बिलावर छापलेल्या ‘किमान देय रकमे’त. 20,000 रुपयांच्या बाकीवर, पाच टक्के धरून, 1,000 रुपये भरा असे बिल सांगते, आणि माणसाला वाटते की आपण हप्ता फेडला. दरमहा साडेतीन टक्के दराने त्या बाकीचे एका महिन्याचे व्याज 700 रुपये झाले आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी 126 रुपये झाला. हे 826 रुपये वजा जाता मुद्दलात जमा झाले अवघे 174 रुपये. किमान रक्कमच भरत राहिल्यास फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा बिलावर छापण्याचा हुकूम रिझर्व्ह बँकेने 2022 च्या निदेशांत दिला आहे. इशारा छापलाही जातो, मात्र तो कोण वाचतो हा प्रश्न उरतोच.

दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 टक्के. याच तालुक्यात सहकार खात्याच्या निबंधकाकडून परवाना घेऊन बसलेला सावकार, महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली ठरवून दिलेल्या मर्यादेप्रमाणे, बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांहून अधिक व्याज आकारू शकत नाही, आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करण्याचीही त्यास मुभा नाही. दामदुपटीचे हे तत्त्व आपल्या धर्मशास्त्राइतके जुने आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांच्या वह्या-खते जाळली, तेव्हा चार वर्षांनी सरकारला डेक्कन शेतकरी कायदा करून कर्जरोख्याच्या पाठीमागचा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस द्यावा लागला. आणि आपल्या माथेरानचे वकील भाई कोटवाल, ज्यांना 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हौतात्म्य आले, त्यांनी शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून याच परिसरात धान्यकोठीचा उपक्रम उभा केला होता. पावसाळ्यात घरातले भात सरले की मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि दिवाळीनंतर सहकुटुंब वीटभट्टीवर जाऊन ती अंगमेहनतीने फेडावयाची, ही कातकरी वाड्यांची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सुलभ मिळालेल्या पैशाची किंमत पुन्हा सांगावयास नको.

मग कार्डावरील व्याजास कमाल मर्यादा का नाही? बँका सावकारी कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि बँकिंग नियमन कायद्याचे कलम 21-अ व्याज जाचक आहे एवढ्याच कारणावरून बँकेचा हिशेब उकलण्यास न्यायालयांना मनाई करते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली वार्षिक 30 टक्क्यांवरील कार्डव्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती, तथापि सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निर्णय रद्दबातल केला आणि व्याजदराचे नियमन हे रिझर्व्ह बँकेचे क्षेत्र असल्याचे सांगितले. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेलही. परंतु त्याचा व्यावहारिक परिणाम असा की छोट्या सावकाराच्या हाताला कायद्याने गाठ मारली आहे, आणि मोठ्या सावकाराचा हात मोकळा आहे.

बँकांची बाजू न्यायाने मांडायची तर असे म्हणता येईल की विनातारण कर्जात बुडीत खाती अधिक असतात, आणि बिल वेळेवर पूर्ण भरणाऱ्या ग्राहकास कार्ड खरोखरच फुकटात वापरता येते. हे दोन्ही खरे आहे. मात्र बिलाची बाकी मागे ठेवणाऱ्यांकडून जे व्याज येते, ते या धंद्याच्या मिळकतीचा मोठा आधार आहे, म्हणजे शिस्तीच्या माणसाची सवलत काही अंशी अडचणीतला माणूस भरतो. पंचविशीतल्या वाढप्यास जेव्हा कार्डाचा आग्रह होतो, तेव्हा तो या दोघांपैकी कोण ठरेल याचा अंदाज विक्रेत्यास नसतो, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. जो दामदुपटीचा नियम कर्जतच्या परवानाधारक सावकारास लागू आहे, तोच कार्डाच्या थकबाकीस रिझर्व्ह बँकेने लागू करावा, म्हणजे व्याज व दंड मिळून मुद्दलाइतके झाले की आकारणी थांबावी. तोवर वाचकांनी स्वतःपुरते तीन नियम पाळावेत. बिल पूर्ण भरता येत नसेल तर कार्डाने खरेदी करू नये. कार्डावर रोख उचलू नये. न मागता कार्ड पाठवून त्यावर आकारणी केली असेल, तर ती परत करून तिच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून देण्याचे बंधन 2022 च्या निदेशांनी बँकेवर घातले आहे, तेव्हा गप्प न बसता बँकेस लेखी कळवावे, आणि 30 दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फिर्याद करावी. त्याचा दूरध्वनी क्रमांक 14448 आहे आणि या फिर्यादीस फी पडत नाही.

— मुनीम