क्रिएटिनिनच्या आधी बोलणारा आकडा

मधुमेहाची वार्षिक तपासणी करून आलेला रुग्ण, रक्तातील क्रिएटिनिन मर्यादेच्या आत आहे एवढे पाहून ‘किडनी चांगली आहे’ असा निर्वाळा स्वतःला देऊन टाकतो, आणि पुष्कळदा त्याचे डॉक्टरही त्याला तोच देतात. परंतु मूत्रपिंडाची निम्मी कार्यशक्ती खर्ची पडेपर्यंत हा आकडा फारसा हालत नाही, ही गोष्ट वैद्यकाला कित्येक दशकांपासून अवगत असताना आपण आजही केवळ त्याच्याच भरवशावर राहावे, याचा मला मनापासून खेद वाटतो. त्याच्या कितीतरी आधी बोलणारी तपासणी उपलब्ध आहे. सकाळच्या पहिल्या लघवीच्या नमुन्यात अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी प्रमाण किती, एवढेच तीत पाहावयाचे असते.

प्रत्येक मूत्रपिंडात केशवाहिन्यांचे सुमारे दहा लाख सूक्ष्म गुच्छ असतात. दोन्ही मूत्रपिंडांतील या गुच्छांतून मिळून दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि दीड-दोन लिटर वगळता तो सगळा रक्तात परत घेतला जातो. या वाहिन्यांचे अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचे असून त्यावर शर्करायुक्त प्रथिनांचा एक नाजूक लेप असतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली म्हणजे हा लेप विरळ होतो, गुच्छाकडे रक्त आणणारी धमनिका सैलावते, रक्त बाहेर नेणारी आवळली जाते, आतला दाब वाढतो, आणि एरवी अडवले जाणारे अल्ब्युमिन थोडेथोडे लघवीत उतरू लागते. या वाढलेल्या दाबामुळे प्रारंभी गाळण्याचा वेग उलट वाढतो, म्हणजे इजा सुरू झालेली असतानाच क्रिएटिनिनचा कागद अधिक समाधानकारक दिसण्याचा संभव असतो.

हे अस्तर स्वतः कामकरी अवयव आहे, याचा उलगडा मात्र फार उशिरा झाला. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत असता, अ‍ॅसिटिलकोलीन या द्रव्याने काही पट्ट्या सैलावत आणि काही मुळीच सैलावत नसत. शोध घेता आढळले की, पट्टी तयार करताना जिचे आतले अस्तर घासून निघून गेले होते, ती सैलावेनाशी झाली होती. हे निष्कर्ष 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. अस्तरातून निघणारा सैलावण्याचा निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू होय, हे पुढे सिद्ध झाले आणि 1998 चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना मिळाले. मधुमेहात नेमका हाच निरोप क्षीण होतो. आणि अस्तर तर हृदयापासून नेत्रपटलापर्यंत सर्वत्र एकच.

डेन्मार्कच्या कार्ल एरिक मोगेन्सन यांनी 1984 मध्ये दाखवून दिले की, प्रौढ वयात मधुमेह जडलेल्या ज्या रुग्णांच्या लघवीत थोडेसेच अल्ब्युमिन जात होते, त्यांना पुढे मूत्रपिंडाचा उघड विकार आणि अकाली मृत्यू या दोहोंचा धोका अधिक होता. 1989 मध्ये कोपनहेगनजवळच्या स्टेनो रुग्णालयातील टॉर्स्टेन डेकर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे गृहीतक मांडले की, ही गळती म्हणजे सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांच्या बिघाडाचा दाखला आहे. त्यातला प्रत्येक तपशील सिद्ध झाला आहे असे मी म्हणणार नाही. तथापि लघवीतील अल्ब्युमिन वाढलेल्या रुग्णाच्या हृदयाकडे डोळेझाक करणे, हे माझ्या मते वैद्यकीय कर्तव्यात कसूर करणेच होय.

प्रत्येक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅम अल्ब्युमिन, ही या तपासणीची सीमारेषा. लघवीत बुडवण्याची नेहमीची रंगपट्टी इतकी सूक्ष्म गळती बहुधा पकडत नाही. ताप, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा जोराचा व्यायाम यांनीही आकडा तात्पुरता चढतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले निघाले तरच निदान पक्के मानावे. क्रिएटिनिन निरुपयोगी आहे असेही नव्हे, कारण काहींचे मूत्रपिंड अल्ब्युमिन न गळताही खालावते. प्रौढपणीच्या मधुमेहात ही तपासणी निदानाच्या दिवसापासूनच हवी, कारण तो उघडकीस येण्यापूर्वी बहुधा कित्येक वर्षे अंगात मुरलेला असतो.

वेळीच कळले तर उपाय आहेत. लोसार्टन व इर्बेसार्टन ही औषधे मधुमेही मूत्रपिंडाची घसरण मंदावतात, हे 2001 मध्ये दिसून आले. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या नव्या औषधांच्या वर्गातील कॅनाग्लिफ्लोझिनने 2019 मध्ये तीच ग्वाही दिली, आणि त्याच वर्गातील डापाग्लिफ्लोझिनचे भारतातील पहिले पेटंट 2020 मध्ये संपल्यावर अनेक कंपन्या ते बनवू लागून त्याची किंमत पुष्कळ उतरली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मधील अहवालानुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत. सरकारने 2016 मध्ये राष्ट्रीय डायलिसिस योजना काढून गरिबांची मोठी सोय केली, तिचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. पण चार-चार तास यंत्राला जखडून राहण्याची पाळी आलेल्या माणसाचा बंदोबस्त करणाऱ्या शासनाने, ती पाळी दूर ठेवू शकणारी लघवीची तपासणीही प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेली पाहिजे. केसपेपरावर साखरेच्या आकड्याशेजारी वर्षातून एकदा हाही आकडा लिहिला जावा, आणि तो तिसाच्या वर गेला तर त्याच भेटीत रुग्णाचा रक्तदाब मोजून, चालताना छातीत दुखते काय, दम लागतो काय, याची चौकशी व्हावी.