फॉलोअपची रांग
परळच्या टाटा रुग्णालयात या आठवड्यात फॉलोअपच्या रांगेतल्या एक काकू शेजारणीला सांगत होत्या, ‘अगं, केस येतात परत. माझे तर कुरळे आले, पार्लरचा खर्च वाचला!’ मान खाली घालून बसलेली ती बाई चक्क हसली. नातेवाईक काय आणतात? सफरचंदं, गव्हांकुराचा रस आणि ‘पॉझिटिव्ह राहा’. (रस एकवेळ पिता येतो.) लहानपणी कर्करोगातून उठलेल्या तरुणांनी इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं २००९मध्ये ‘उगम’ हा गट काढला, तो या काकूंच्याच जातकुळीचा. माझं म्हणणं सरळ आहे: प्रत्येक कर्करोग विभागात बरा झालेला एक माणूस नेमाच. स्वयंसेवक म्हणून शाल-श्रीफळ पुष्कळ झालं. पगारावर नेमा, भविष्यनिर्वाह निधीसकट.