एकांताचे चित्र आणि समीक्षेचे मौन

बंदिस्त मुलांच्या छायाचित्रांवर आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, त्यात एक सोय पक्की झाली आहे. समीक्षक प्रथम चित्रातील प्रकाशाविषयी बोलतो, मग फुकोचे नाव घेतो, आणि मुलाचा चेहरा दिसत नाही यातच छायाचित्रकाराचा नैतिक संयम पाहून लेख मिटवतो. संयमाविषयी माझी तक्रार नाही. चेहरा झाकला म्हणजे त्या मुलाच्या बोलण्याशीही आपला संबंध संपला, असे जे गृहीत धरले जाते, त्याला माझा विरोध आहे.

रिचर्ड रॉस या अमेरिकी छायाचित्रकाराचे ‘जुवेनाइल इन जस्टिस’ (२०१२) हे पुस्तक या संदर्भात हटकून पुढे केले जाते. ३१ राज्यांतील २००हून अधिक संस्थांत जाऊन रॉस हजारावर मुलांशी बोलले. त्यांतले सर्वांत गाजलेले चित्र मिसिसिपीतील बिलॉक्सी येथल्या कोठडीचे आहे: १२ वर्षांचा एक मुलगा, बाहेरून बंद केलेली खिडकी, आणि अक्षरांनी खरवडून भरलेल्या भिंती. विसरवाडीच्या वर्गात हे चित्र मी पडद्यावर दाखवले तेव्हा आश्रमशाळेत वाढलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, फोटो काढणारा आत होता ना? मग हा एकटा कसा?”

उत्तर देता देता माझी तारांबळ उडाली, हे कबूल केले पाहिजे. एकांताचे छायाचित्र ही मुळातच विसंगत गोष्ट आहे. कॅमेरा आत शिरला की कोठडीत दुसरा माणूस येतो. जे दाखवायचे ते त्या क्षणापुरते मोडलेले असते. शिवाय एकांतकैदेची व्याख्या जागेने होत नाही, वेळेने होते. संयुक्त राष्ट्रांचे २०१५चे नेल्सन मंडेला नियम दिवसाचे २२ तास किंवा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्कावाचून ठेवणे याला एकांतकैद म्हणतात, आणि सलग १५ दिवसांपलीकडे ती निषिद्ध ठरवतात. मुलांच्या बाबतीत तर १९९०च्या हवाना नियमांनीच ती सरसकट वर्ज्य केली होती. सेकंदाच्या एका अंशात उमटणाऱ्या प्रतिमेत हे तास मावणार कसे? न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावर १६व्या वर्षी डांबलेला कलीफ ब्राउडर खटला न चालताच तीन वर्षे आत राहिला, त्यातला मोठा काळ एकांतात. सुटल्यावर २०१५ साली त्याने आत्महत्या केली. त्या तीन वर्षांविषयी जगाला जे कळले, ते प्रामुख्याने त्याच्या सांगण्यातून.

रॉस यांना हे उमगले होते, असे मला वाटते. ते कोठडीच्या फरशीवर बसून मुलांचे ऐकत, आणि पुस्तकात ते बोलणे चित्रांसोबत छापलेले आहे. आपले समीक्षक मात्र चित्र उचलतात आणि शब्द मागे टाकतात. साहित्याच्या अभ्यासकांनी असे करावे, हा विनोदच म्हणायचा. समोरची भिंत अक्षरांनी भरलेली असताना आपण तिच्या रंगच्छटेवर परिच्छेद खर्च करतो!

मराठी वाचकाला एकांताचे गद्य अपरिचित नाही. ‘माझी जन्मठेप’ (१९२७) वाचून अंदमानची कोठडी आपल्या कित्येक पिढ्यांनी मनात बाळगली. पण त्या वाचनाने एकांताला वीराची मालमत्ता करून टाकले. देशभक्ताचा एकांत तो एकांत. पाकीट मारणाऱ्या पोराचा एकांत ही केवळ ‘सामाजिक समस्या’. ती समाजशास्त्र विभागाकडे पाठवून आपण मोकळे.

सत्तेला यातले मर्म अधिक चांगले कळते. १९८२ साली शीला बारसे यांना महाराष्ट्रातील तुरुंगांत स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेण्याची परवानगी मिळाली होती. त्या मुलाखती ध्वनिमुद्रित करू लागल्या तेव्हा हरकत निघाली आणि पुढे परवानगीच काढून घेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली मुलाखतीचा हक्क मर्यादांसह मान्य केला. ध्वनिमुद्रणासाठी विशेष परवानगीची अट मात्र राहिली. याच बाईंच्या याचिकेवर १९८६ साली न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले होते. भिंतीआडचा आवाज बाहेर नेणारे यंत्र व्यवस्थेला का खुपते, हा प्रश्न छायाचित्र-समीक्षेच्या केंद्रस्थानी असायला हवा होता. तो तिच्या परिघावरही नाही.

‘हे सारे अमेरिकेतले’ असे म्हणणाऱ्यांनी आपली दंडसंहिता उघडावी. १८६०च्या संहितेतील एकांतकैदेची ७३ व ७४ ही कलमे, वसाहतवादी वारसा पुसण्याच्या घोषणेसह आलेल्या आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ११ व १२ या क्रमांकांनी जशीच्या तशी नांदत आहेत. सश्रम कारावासाच्या शिक्षेत एकूण तीन महिन्यांपर्यंत, एका वेळी १४ दिवस. १८ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला यातून सूट नाही.

आणि चेहऱ्याचे म्हणाल तर २०१५च्या बाल न्याय कायद्याचे ७४वे कलम विधिसंघर्षग्रस्त बालकाचे, तसेच काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचेही छायाचित्र छापू देत नाही. योग्यच आहे. पण आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील कुपोषणाच्या बातम्या पाहा. आदिवासी मूल, त्याची आई, पाड्याचे नाव, सगळे स्वच्छ प्रकाशात. तिथे कुणाला संयम आठवत नाही, आणि त्या आईचे म्हणणेही कुणी विचारत नाही. झाकलेला चेहरा आणि उघडा चेहरा, दोन्हीकडे तोंड बंदच.

मग चेहरे दाखवावेत का? मुळीच नाही. छायाचित्रासोबत जे बोलणे आले आहे ते संहिता म्हणून वाचावे, त्यातील पुनरुक्ती, खोटेपणा, बढाया, तुटलेली वाक्ये यांच्याशी कवितेइतक्याच काटेकोरपणे झुंजावे, एवढी माझी मागणी आहे. ज्या चित्रासोबत बोलणे आलेलेच नाही, तिथे ते कुणी अडवले हे विचारावे.

त्या दिवशी तास संपल्यावर चार-पाच मुले पडद्याजवळ गेली. बिलॉक्सीच्या भिंतीवरची अक्षरे ती लावू पाहत होती. चित्र मोठे केले की अक्षरे फुटत, लहान केले की मिटत. शिपाई खोलीला कुलूप लावायला आला तरी ती तिथेच उभी होती.