पट्टा ताणायचा कोणी?

माझं मत सरळ आहे. ज्याच्या इंजिनाला स्प्रिंगच्या जोरावर ताणला जाणारा साधा टायमिंग बेल्ट आहे, ज्याच्या हाताला पान्याची सवय आहे आणि ज्याची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, त्याने तो पट्टा घरी, स्वतःच्या हाताने बदलावा. मेसमध्ये हे बोललो की दोन उत्तरं मिळतात. एक, "रविवारी एखाद्या मेकॅनिक जवानाला बोलवा की!" दुसरं, "बाहेर गॅरेजला टाकून मोकळे व्हा."

पहिल्याचा विषय लवकर संपतो. तो जवान आठवडाभर सरकारी गाड्यांखाली झोपलेला असतो. रविवार त्याचा असतो. साहेबाला नाही म्हणता येत नाही म्हणून तो येणार, आणि नाही म्हणता येत नसलेल्या माणसाकडून घेतलेलं काम फुकट कसं म्हणायचं? शिवाय काही कमी-जास्त झालं तर ते तोंडावर सांगायची त्याला चोरी. मी पायदळातला, तंत्रज्ञ नाही, ही सबब मला तरी पुरत नाही.

दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे, पण ते एका गावात राहणाऱ्यासाठी. पुण्यातल्या माझ्या मेव्हण्याचा मिस्त्री गेली पंधरा वर्षं एकच. गाडी आवाजावरून ओळखतो. आमचं तसं नाही. तेजपूरच्या मिस्त्रीने काय केलं ते जोधपूरच्याला माहीत नसतं, आणि मधली दोन वर्षं फील्डला गेली तर गाडी ताडपत्रीखाली उभी. मीटर पुढे सरकत नाही, म्हणून वाटतं पट्टा नवाच आहे. पण रबर कॅलेंडरवरही म्हातारं होतं. किती किलोमीटर चालवायचा हे इंजिनागणिक वेगळं, साधारण साठ हजारांपासून दीड लाखापर्यंत. पण सोबत वर्षांची मर्यादाही असते आणि आमच्या गाड्यांच्या बाबतीत बहुधा तीच आधी संपते. सरकारी गाडीला डायरी असते, आमच्या खासगी गाड्यांना नसते.

हा पट्टा करतो काय? क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे या हिशोबावर ठरतं, आणि हिशोब राखतो तो दातेरी रबरी पट्टा. तो चालत्या गाडीत तुटला तर इंजिन जागच्या जागी बंद. अनेक इंजिनांत, डिझेलमध्ये तर हमखास, पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत आलटून पालटून येतात. तिथे पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. आणि तो आधी सांगून तुटत नाही. ब्रेक किरकिरतात, क्लच घसरतो, हा मात्र कव्हरच्या आत गप्प असतो. घाटात, बायको-मुलं बरोबर असताना कळलं तर काय करणार?

माझी गाडी १९९८ ची जिप्सी किंग, १.३ लिटरचं, कार्ब्युरेटरचं आठ व्हॉल्व्हवालं इंजिन. घरच्या कामाला याहून सोयीचं इंजिन क्वचितच मिळेल. ते लांबीला बसवलेलं, त्यामुळे पट्टा समोरच. बॅटरीची वायर काढा, रेडिएटर, पंखा आणि बाहेरचा फॅन बेल्ट बाजूला करा. क्रँकची बाहेरची पुली छोट्या बोल्टांवर असते, मधला मोठा बोल्ट सोडावाच लागत नाही. तो जागेवर राहतो म्हणून त्याच्यावर सॉकेट लावून इंजिन हाताने फिरवता येतं. मग खुणा जुळवायच्या: कॅमच्या पुलीची खूण मागच्या कव्हरवरच्या खाचेसमोर, क्रँकच्या पुलीवरचा ठिपका ऑइल पंपावरच्या बाणासमोर. जुना पट्टा काढल्यावर तिथे तेलाचा ओलावा दिसला तर आधी ऑइल सील बदला. तेल लागलेला पट्टा नवा असला तरी टिकत नाही. टेन्शनर आणि त्याची स्प्रिंगही नवी घाला. तिथे काटकसर करणाऱ्याला मी हात जोडतो.

हे सगळं कोणीही करतो. खरा प्रश्न ताणाचा आहे, आणि बाहेर नेमकी इथेच घाई होते. स्क्रूड्रायव्हरने टेन्शनर रेटायचा, पट्ट्यावर अंगठा दाबायचा, बोल्ट आवळायचा. "साहब, अंगूठे से पता चल जाता है." मला काही तो अंगठा पटत नाही. जास्त ताणलेला पट्टा वेगाबरोबर किणकिणतो आणि टेन्शनरचं बेअरिंग खातो. सैल पट्टा एखाद्या थंड सकाळी स्टार्टरच्या झटक्यात दात सोडतो. एक दात चुकला तरी इंजिन बरेचदा सुरू होतं, हीच तर पंचाईत. गाडी चढाला रडते, पेट्रोल पिते, आणि आपण कार्ब्युरेटर साफ करत बसतो.

या इंजिनाची कंपनीची पद्धत वेगळी आहे. आधी वरचं कव्हर काढून रॉकरचे सगळे ॲडजस्टिंग स्क्रू सैल करायचे. का? कॅमचा उंचवटा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर चढलेला असतो तेव्हा ती स्प्रिंग कॅमला एका बाजूला ढकलत असते. त्यामुळे पट्ट्याची एक बाजू ताठ, दुसरी सैल. अशा वेळी टेन्शनरची स्प्रिंग खोट्या ताणावर बसते. स्क्रू सैल केले की कॅम मोकळा फिरतो आणि टेन्शनरला खरा ताण सापडतो. मग टेन्शनरचा बोल्ट ढिला ठेवून क्रँक समोरून पाहता घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. उलटा चुकूनही नाही. पट्टा सगळीकडे ताठ झाला की मगच बोल्ट आवळायचे, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. पुन्हा दोन फेरे, पुन्हा खुणा. जुळल्या नाहीत तर पट्टा काढा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. चावीला हात त्यानंतर.

गॅरेजवाला हे का टाळतो तेही समजतं. स्क्रू सैल केले की सगळे टॅपेट फीलर गेजने नव्याने सेट करावे लागतात. त्याच्या दारात चार गाड्या उभ्या आहेत आणि त्या वाढीव दीड तासाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. माझ्याकडे रविवार आहे, आणि टॅपेट आठच आहेत.

सगळ्यांना हा सल्ला नाही. डस्टरसारख्या गाडीच्या दीड लिटर डिझेलला कॅम आणि क्रँक खास पिनांनी अडकवावे लागतात. तो संच नसेल तर जाणत्या वर्कशॉपला पैसे द्या आणि समोर उभे राहा. इंजिन आडवं बसवलेलं असेल तर काही गाड्यांत माउंटिंग सोडून इंजिन खालून जॅकवर तोलावं लागतं. ते एकट्याने, पार्किंगच्या उतारावर करू नका. आणि आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना साखळीच असते, त्यांनी हे वाचून उगाच पाने काढू नयेत.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांना मात्र एक आग्रह. "पट्टा नुकताच बदललाय" या वाक्याला बिल नसेल तर किंमत शून्य धरा आणि नव्या पट्ट्याचे पैसे भावातून कापा. बदलला की आतल्या कव्हरवर, जसा आपण फौजी गाड्यांच्या चाकावर हवेचा दाब रंगवतो, तसा पांढऱ्या रंगाने महिना, वर्ष आणि मीटरचा आकडा लिहा. पुढच्या गावचा मिस्त्री कव्हर उघडेल तेव्हा त्याला तो दिसेल.